कार्व्हरी पबमध्ये पहिल्यांदा जाताना: रांग, रोस्ट आणि ग्रेव्हीचा घोळ

इंग्लंडात येऊन दोन-तीन महिने झाले की ऑफिसमधलं कुणीतरी म्हणतंच, "रविवारी कार्व्हरीला या ना, मुलांनाही आणा." पत्ता बघावा तर पबचा! मग घरात खल सुरू. पोरांना पबमध्ये न्यायचं? आई-बाबा आलेत, त्यांनी तिथे काय खायचं? आणि कार्व्हरी म्हणजे नक्की काय?

मी डार्बीत राहते. पहिल्या खेपेला आम्ही सहा जण गेलो होतो आणि जवळजवळ प्रत्येक चूक करून आलो. त्यानंतर कितीतरी रविवार तिथे काढलेत, पाहुणे नेलेत, नवीन आलेल्यांना फोनवर हेच सगळं पुन्हा पुन्हा सांगितलंय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी कार्व्हरी म्हणजे काय ते. भाजलेल्या मांसाचे मोठाले तुकडे काउंटरवर दिव्याखाली ठेवलेले असतात, बहुतेक बीफ, टर्की, गॅमन आणि पोर्क. मागे सुरी घेऊन एक माणूस उभा असतो. तुम्ही सांगाल ते कापून तो ताटलीत घालतो. पुढच्या भाज्या, बटाटे, सॉस आपले आपण घ्यायचे. ताटाचा दर ठरलेला. ब्रिटिश घरांत रविवारी दुपारी जो रोस्ट होतो, तोच इथे पबवाले रांधून ठेवतात. टोबी कार्व्हरी ही यातली सगळ्यांना माहीत असलेली साखळी, पण गावोगावचे साधे पबही रविवारी कार्व्हरी लावतात.

पायरी 1: दिवस आणि वेळ ठरवा, टेबल बुक करा

चार माणसं असतील तरी बुक करा. रविवारी बारा ते तीन ही खरी गर्दीची वेळ. नुसतंच जाऊन उभं राहिलात तर लहान मुलांना घेऊन तासभर बारपाशी ताटकळावं लागतं. आमच्या भागात आठवड्याच्या मधल्या दिवशी माणशी दहा पौंडांच्या आसपास भागतं, रविवारी दर चढतो. गर्दी नको आणि पैसेही वाचवायचे असतील तर बुधवारची संध्याकाळ बघा. फक्त फार उशिरा जाऊ नका. पब रात्री अकरापर्यंत उघडा असला तरी कार्व्हरी त्याच्या बरीच आधी आवरतात, आणि शेवटच्या तासातली टर्की म्हणजे कापूस.

एका तारखेचा घोळ आपल्या लोकांचा हमखास होतो. इथला मदर्स डे मे महिन्यात नसतो. तो ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी येतो, म्हणजे बहुधा मार्चमध्ये. त्या दिवशी सगळं इंग्लंड आईला घेऊन कार्व्हरीला जातं. काही माहीत नसताना आम्ही नेमके त्याच दिवशी गेलो आणि घरी येऊन मॅगी खाल्ली.

बुकिंग करतानाच तीन गोष्टी सांगून टाका: हाय चेअर किती हव्यात, प्रॅम आहे का, आणि कुणाला कसली अ‍ॅलर्जी आहे का. ख्रिसमसच्या दिवसाचा मेनू मात्र वेगळा. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी आगाऊ पैसे भरून पदार्थही आधीच निवडून कळवावे लागतात.

पायरी 2: बरोबर काय न्यायचं

- कार्ड. रोकड न घेणारे पब आता पुष्कळ आहेत.
- बुकिंगचा मेसेज किंवा ईमेल.
- गाडीचा नंबर पाठ नसेल तर त्याचा फोटो. का, ते पुढे येतंच.
- तरुण मंडळींसाठी वयाचा पुरावा. दारू घ्यायला वय 18 लागतं, पण पंचविशीच्या आतला वाटलेल्या कुणालाही ओळखपत्र विचारतात. पासपोर्ट किंवा फोटो असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. माझा भाचा बावीस वर्षांचा, युनिव्हर्सिटीचं कार्ड दाखवत होता. ते चाललं नाही, लिंबूपाण्यावर बसला बिचारा.
- अ‍ॅलर्जीचं औषध, लहान बाळ असेल तर त्याचं खाणं आणि लाळेरं.

डबा नेऊ नका. उरलेलं घरी नेण्याची आपल्याला सवय असते, पण जिथे आपण वाढून घेतो तिथे बरेच जण ते नेऊ देत नाहीत. न्यायचंच असेल तर आधी विचारा.

पायरी 3: आत शिरल्याबरोबर

सर्वांत पहिलं काम गाडीचं. पार्किंग फुकट असतं, पण पुष्कळ पबच्या आवारात नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे असतात. आत दाराशी किंवा बारवर एक छोटा टॅबलेट ठेवलेला असतो, त्यात आपला नंबर घालायचा. आम्हाला कुठे माहीत! मजेत जेवलो, आणि दहा दिवसांनी 100 पौंडांचं पत्र घरी, 14 दिवसांत भरलंत तर 60. नशिबाने जेवणाची पावती पाकिटात सापडली. ती जोडून अपील केलं आणि ते माफ झालं. तेव्हापासून आमच्याकडे नियम झालाय: आधी नंबर, मग कोट काढायचा. आणि पावती महिनाभर जपायची.

मग "थांबा, आम्ही टेबल दाखवतो" अशा अर्थाची पाटी दिसली तर तिथेच थांबा. रिकामं टेबल दिसतंय म्हणून जाऊन बसू नका. पाटी नसेल तर बसा, आणि टेबलावरचा नंबर लक्षात ठेवा. बारवर पहिल्यांदा तोच विचारतात.

आमच्या भागात, म्हणजे डार्बी-नॉटिंगहॅमकडे, वाढणाऱ्या बायका सगळ्यांना प्रेमाने "मी डक" म्हणतात, माझ्या बदका या अर्थी. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा त्या मुलीने हसून विचारलं, "यू ऑल राइट, मी डक?" आई माझ्या कानात म्हणाली, "अगं, ही स्वतःला बदक का म्हणतेय?" मी समजावून सांगितलं. तर म्हणे, "मग बदक नको म्हणावं, मी शाकाहारी आहे."

पायरी 4: बारवर पेय मागवणं

काही ठिकाणी टेबलावर येऊन विचारतात, काही ठिकाणी फोनवरच्या अ‍ॅपवरून मागवता येतं. पण जुनी पद्धत अशी की आपण उठून बारवर जायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. बारपाशी रांग दिसत नाही, लोक आडवे पसरलेले असतात. तरी आधी कोण आलं हे सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं. आपल्या आधी आलेला शेजारी उभा असताना बारवाल्याने आपल्याला विचारलं, तर त्याच्याकडे हात करून "ही वॉज बिफोर मी" म्हणायचं. नोट हलवणं, टिचकी वाजवणं अजिबात नको.

दारू न घेणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही. लाइम अँड सोडा मागवा, स्वस्तात ग्लास भरून मिळतं. नळाचं पाणी फुकट मिळतं, दारूचा परवाना असलेल्या जागेने ते मागितल्यावर द्यायचं हा कायदाच आहे. "टॅप वॉटर" असं स्पष्ट म्हणा, नुसतं "वॉटर" म्हटलंत तर बाटली येईल आणि बिलात लागेल. पाइंट म्हणजे 568 मिली, अर्धा पाइंटही मिळतो. गाडी चालवणाऱ्याने तोही टाळलेला बरा, आणि स्कॉटलंडमध्ये तर दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे.

पायरी 5: काउंटरची रांग

इथे मात्र सरळ रांग असते आणि ती एकाच दिशेने सरकते. आधी मांस, मग यॉर्कशायर पुडिंग आणि स्टफिंग (पावाच्या चुऱ्याचं सारण), मग बटाटे-भाज्या, शेवटी ग्रेव्ही आणि सॉस. पहिल्या दिवशी भाज्यांपाशी कुणी दिसलं नाही म्हणून मी तिकडून सुरुवात केली आणि समोरून येणाऱ्या ताटल्यांवर जवळजवळ आदळले. एकही माणूस काही बोलला नाही. इंग्लंडात ते ओरडण्यापेक्षा वाईट.

कुठे आधी पैसे भरून कूपन घ्यावं लागतं, कुठे टेबलावर बिल लागतं. टेबल दाखवणाऱ्यालाच विचारून घ्या. ताटली तापवलेली असते, चटका बसेल इतकी. मुलांच्या हातात थेट देऊ नका.

सुरीवाला विचारेल, "व्हॉट कॅन आय गेट यू?" बहुतेक ठिकाणी दोन-तीन प्रकारांचे काप मिळून एक वाढप देतात, जास्त मांसाचं मोठं ताट हवं असेल तर वेगळे पैसे. मांसासाठी परत येता येत नाही, भाज्या मात्र बऱ्याच जागी पुन्हा घेता येतात. म्हणून पहिल्याच फेरीत बटाट्यांचा डोंगर रचू नका. पंगतीतल्यासारखा आग्रह कुणी करत नाही आणि पानात टाकलेलं सगळ्यांना दिसतं.

कोणतं मांस काय ते नीट समजून घ्या, कारण नावांवरून कळत नाही. गॅमन म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, चवीला गोडसर-खारट. पिग्ज इन ब्लँकेट्स म्हणजे बेकनमध्ये गुंडाळलेले छोटे सॉसेज, तेही डुकराचेच. बीफ बाहेरून तपकिरी आणि मध्ये गुलाबी असतं. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर टोकाकडचा काप मागा. बीफ खात नसाल पण टर्की खात असाल तर लक्षात ठेवा, फळी आणि सुरी पुष्कळदा तीच असते. मला ते नको वाटतं म्हणून मी "कुड यू यूज अ क्लीन नाइफ, प्लीज?" असं विचारते. आजवर कुणी तोंड वाकडं केलेलं नाही, एकाने तर फळीही बदलली.

यॉर्कशायर पुडिंगला पुडिंग म्हणत असले तरी ते गोड नाही. मैदा, अंडं आणि दुधाचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवलेलं. वाटीसारखा खोलगा असतो, त्यात ग्रेव्ही ओतायची. यॉर्कशायरमध्ये पूर्वी हे मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोट भरावं आणि महागडं मांस कमी लागावं. किती फुगलं पाहिजे यावर इथली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री 2008 मध्ये बोलली होती: चार इंचांहून कमी उंचीचं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. पुरणपोळी किती इंचांची हवी यावर आपल्याकडे अजून कुणा शास्त्रज्ञांनी तोंड उघडलेलं नाही.

सॉस म्हणजे ताटाची डावी बाजू समजा. टर्कीबरोबर क्रॅनबेरीचा, पोर्कबरोबर सफरचंदाचा, लँब असेल तर पुदिन्याचा. बीफबरोबर हॉर्सरॅडिश नावाच्या मुळ्याचा, जो जिभेपेक्षा नाकात जास्त चढतो. इंग्लिश मस्टर्ड तर थेट आपली फेसलेली मोहरी. जेवण अळणी वाटणाऱ्यांनी हे दोन जवळ ठेवावेत. बाबा पहिल्या दिवसापासून मस्टर्डवर खूश आहेत.

पायरी 6: शाकाहारी असाल तर ताटली उचलण्याआधी विचारा

ही पायरी सगळ्यांत लांब आहे, कारण आमचं सगळ्यांत जास्त इथेच चुकलं. समोर दिसणारं मांस टाळायला अक्कल लागत नाही. घोळ आहे तो न दिसणाऱ्यात.

आई कांदा-लसूण सोडूनच देणारी, तिचं चातुर्मासाचं सगळं काटेकोर. पहिल्या वेळी मी तिला म्हटलं, "मांस घेऊ नकोस, बाकी सगळ्या भाज्याच आहेत." तिने भाजलेले बटाटे, गाजर, कोबी, मटार घेतले. वरून मोठ्या डावाने ग्रेव्ही घातली, भातावर आमटी घालावी तशी. चवीने खाल्लंही. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी कौतुकाने विचारलं, "एन्जॉइंग द बीफ ग्रेव्ही, लव्ह?" आईला इंग्रजी फार येत नाही, पण बीफ हा शब्द येतो. तिने चमचा खाली ठेवला. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि घरी आल्यावर अंघोळ केली.

तेव्हा हे तपासा.

*ग्रेव्ही.* काउंटरवरची मोठ्या भांड्यातली ग्रेव्ही मांसाची आहे असंच धरून चाला. शाकाहारी ग्रेव्ही बऱ्याच ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय येत नाही. आतून वेगळ्या भांड्यात आणून देतात.

*भाजलेले बटाटे.* बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, सगळ्या ताटात मला हेच आवडतात. कुठे ते तेलात भाजतात, कुठे बीफच्या किंवा बदकाच्या चरबीत. यॉर्कशायर पुडिंगचंही तेच. दिसण्यावरून ओळखता येत नाही.

*स्टफिंग.* सेज नावाच्या पाल्याचं आणि कांद्याचं असलं तरी त्यात सॉसेजचं मांस मिसळलेलं असू शकतं.

*गोड पदार्थ.* जेलीत आणि ट्रायफलमध्ये जिलेटिन असू शकतं. वाफवलेल्या पुडिंगांमध्ये सुएट म्हणजे बीफची चरबी असू शकते, शाकाहारी सुएटही मिळतं. ब्लॅक पुडिंग तर रक्ताचं, आणि ते गोडही नाही.

*बिअर.* पिंपातली पारंपरिक एल ही बिअर निवळायला बऱ्याचदा माशाच्या अवयवापासून काढलेला पदार्थ वापरतात. हे ऐकून आमच्या एका शाकाहारी मित्राचा चेहरा पडला होता, म्हणून सांगून ठेवते.

हिरव्या ठिपक्याची सवय इथे उपयोगी नाही. मेनूवर पदार्थापुढे व्ही लिहिलं असेल तर शाकाहारी, व्हीई असेल तर वीगन, आणि अक्षरांचा अर्थ मेनूच्या तळाशी दिलेला असतो. इथल्या शाकाहारात अंडं येतं. "अंडं केकात चालतं, ताटात नाही" असा आपल्या बऱ्याच घरांतला हिशेब असतो, तो इथे कुणाला समजावत बसू नका. अ‍ॅलर्जीची माहिती मागा. 14 ठरावीक घटक कोणत्या पदार्थात आहेत हे सांगणं खाद्यव्यावसायिकांना बंधनकारक आहे, आणि त्यात अंडं आहे, दूध आहे, मोहरी आहे. तक्त्यात अंड्याच्या रकान्यात खूण नसली की झालं. पण त्याच तक्त्यावर विसंबून मांसाचा निकाल लावू नका. बीफची चरबी ही त्या 14 मध्ये नाही, त्यामुळे तक्ता कोरा आणि बटाटे चरबीत, असं सहज होऊ शकतं. अंड्यासाठी तक्ता, मांसासाठी व्ही, दोन्ही बघायचं.

भाज्यांचे डाव एका भांड्यातून दुसऱ्यात जातात, लहान मुलं तर ग्रेव्हीचा डाव मटारात बुडवतात. फार काटेकोर असाल तर "कुड आय हॅव द व्हेज फ्रॉम द किचन?" असं विचारा. आईसाठी आता आम्ही हेच करतो. मांसाऐवजी नट रोस्ट (दाणे-सुक्या मेव्याचा भाजलेला वडीसारखा प्रकार) किंवा मशरूम वेलिंग्टन (पेस्ट्रीत गुंडाळून भाजलेले मशरूम) असं काहीतरी शाकाहारी मिळतं, तेही आतूनच ताजं येतं. नट रोस्ट मला कोरडा वाटतो. फ्लॉवर चीज असेल तर ते घ्या, पोटभरीचं आहे. पिवळसर कुस्करलेला कंद दिसला तर तो स्वीड, आणि पांढरं गाजर वाटेल ते पार्सनिप, भाजल्यावर गोड लागतं.

हे सगळं टेबलावर बसल्याबसल्या विचारायचं, रांगेत पोचल्यावर नाही. मागे पंधरा माणसं उभी असताना वाढणारा घाईत "शुड बी फाइन" म्हणतो. "शुड बी" ऐकू आलं की समजा, त्याला माहीत नाही.

पायरी 7: मुलं

मुलांसाठी लहान ताट वेगळ्या, कमी दरात असतं. आपण करतो तसं एकाच ताटातून दोघांना भरवणं इथे खपत नाही, कारण दर माणशी असतो. अगदी बाळ असेल तर आधी सांगा, दोन बटाटे आणि मटार बहुतेक जण असेच देतात.

मुलांनी मोठ्यांबरोबर असायला हवं. रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांना न थांबू देणारेही पब आहेत, बुकिंग करताना वेळ विचारा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने मोठ्यांसोबत जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर घ्यायला कायद्याने परवानगी आहे, विकत मात्र मोठ्यानेच घ्यायची. पब तरीही नाही म्हणू शकतो. आपण तर म्हणणारच.

पायरी 8: गोड, बिल आणि टिप

गोड घ्यायचं तर स्टिकी टॉफी पुडिंग. खजुराचा गरम केक, वर टॉफीचा सॉस, बाजूला कस्टर्ड किंवा आइस्क्रीम. एक मागवा आणि चमचे चार मागा, यात काही गैर नाही.

बारवर टिप अपेक्षित नसते. टेबलावर कुणी नीट सेवा दिली असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास देतात. बिलात आधीच सर्व्हिस चार्ज धरलाय का ते बघा, तो ऐच्छिक असेल तर काढायला सांगता येतो. ऑक्टोबर 2024 पासून कायद्याने सगळी टिप कामगारांनाच द्यावी लागते, तेव्हा मालकाच्या खिशात जाईल ही शंका नको.

आई यंदा पुन्हा आली होती. टेबलावर बसल्याबसल्या तिने स्वतःच त्या मुलीला थांबवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "व्हेजिटेरियन ग्रेव्ही, प्लीज, मी डक."